न्यूट्रॉनच्या घड्याळावर किती भरवसा ठेवावा?

पदवी अभ्यासक्रमात विखंडनाचे प्रकरण बहुधा द्रवबिंदू प्रतिमानाने सुरू होते आणि १९३९ सालच्या बोर–व्हीलर सूत्रापाशी थांबते. त्यापुढे जाऊन तुम्ही जड आयनांच्या टकरींविषयी काही वाचू लागलात, की साधारण असे एक वाक्य भेटते : विखंडनपूर्व न्यूट्रॉन मोजून असे आढळले आहे, की गरम अणुकेंद्रकाला दुभंगायला सुमारे ३५ झेप्टोसेकंद लागतात. एक झेप्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. वाक्य छोटे, आकडा सुटसुटीत, उत्तरपत्रिकेत लिहायला सोयीचा. या टिपणात आपल्याला हेच वाक्य तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मोजमाप उत्तम आहे, आकडाही खोटा नाही. पण ‘विखंडनाला सरासरी किती वेळ लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो वापरला, तर वाचकाची दिशाभूल होते, आणि ती थोडीथोडकी होत नाही.

आधी घड्याळाची कल्पना पाहू. कोणतेही इलेक्ट्रॉनिक मंडल झेप्टोसेकंद मोजू शकत नाही. प्रयोगशाळेतली चांगली उपकरणे एका नॅनोसेकंदाच्या आसपासचा फरक ओळखतात, आणि एका नॅनोसेकंदात एक लाख कोटी झेप्टोसेकंद मावतात. त्यामुळे वेळ थेट मोजण्याचा प्रश्नच येत नाही. ती मोजायला अणुकेंद्रकाच्या आतच चालणारी, जिचा वेग आपल्याला ठाऊक आहे अशी एखादी प्रक्रिया हवी. न्यूट्रॉनचे उत्सर्जन ही तशी प्रक्रिया आहे. झोतातले केंद्रक लक्ष्यातल्या केंद्रकात विलीन झाले, की तयार होणारे संयुक्त केंद्रक तापलेले असते आणि न्यूट्रॉन बाहेर टाकत निवू लागते. त्याच वेळी ते लांबट होत विखंडनाच्या खिंडीकडेही सरकत असते. खिंड ओलांडून उतरणीला लागून ते तुटेपर्यंत जितके न्यूट्रॉन बाहेर पडले, ते विच्छेदपूर्व न्यूट्रॉन. तुटल्यानंतर दोन्ही तुकड्यांमधून पडतात ते विच्छेदोत्तर. पहिल्या गटातले न्यूट्रॉन जास्त, तर विखंडनाला वेळही जास्त लागला. युक्तिवाद इतका सरळ आहे.

१९८०च्या दशकात ही मोजणी पद्धतशीरपणे होऊ लागली, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. उत्तेजन ऊर्जा वाढवत नेली, की विच्छेदपूर्व न्यूट्रॉनांची संख्या बोर–व्हीलर पद्धतीच्या सांख्यिकीय हिशेबापेक्षा खूपच जास्त भरते. म्हणजे विखंडन अपेक्षेपेक्षा उशिरा होत होते. केंद्रकीय द्रव्य चिकट आहे, आकार बदलताना आतल्या घर्षणात ऊर्जा मुरते, असा त्याचा अर्थ लावला गेला. क्रॅमर्स यांनी १९४० सालीच हा घर्षणाचा विचार मांडून ठेवला होता. चार दशके त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नव्हते. हा निष्कर्ष आजही पक्का आहे. या टिपणातली टीका त्यावर नाही. ती आहे ‘जास्त न्यूट्रॉन’ यापासून ‘इतके झेप्टोसेकंद’ इथपर्यंत घेतलेल्या उडीवर.

उडी समजण्यासाठी मोजणी कशी होते ते पाहायला हवे. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये यासाठी शंभर न्यूट्रॉन-डिटेक्टरांचा एक संच आहे. प्रत्येक डिटेक्टर म्हणजे पाच इंच व्यासाचा, पाच इंच जाडीचा, द्रव सिंटिलेटरने भरलेला डबा. आणि हे शंभर डबे लक्ष्याभोवती १७५ सेंटिमीटर अंतरावर एखाद्या घुमटासारखे मांडलेले. मधल्या निर्वात कक्षात विखंडनाचे दोन तुकडे पकडणारे वायूचे डिटेक्टर असतात. न्यूट्रॉनची ऊर्जा त्याच्या उड्डाणकालावरून कळते. २ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला हे अंतर कापायला सुमारे ९० नॅनोसेकंद लागतात; गॅमा किरण सहा नॅनोसेकंदांच्या आत पोहोचतात. शिवाय सिंटिलेटरमधला प्रकाश न्यूट्रॉनच्या बाबतीत थोडा रेंगाळत विझतो, त्यामुळे पल्सच्या आकारावरूनही दोघांची निवड करता येते.

आता विचार करा. डब्यात शिरलेल्या न्यूट्रॉनवर ‘मी विच्छेदापूर्वीचा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. तो कुठून आला हे त्याच्या दिशेवरून आणि वेगावरून ताडावे लागते, आणि त्यासाठीच तुकडे मोजणे आवश्यक ठरते. दोनशेच्या आसपास वस्तुमानांकाचे केंद्रक तुटले, की प्रत्येक तुकडा साधारण १.२ सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद वेगाने धावतो. धावत्या तुकड्याच्या दृष्टीने २ एमईव्हीचा असलेला न्यूट्रॉन पुढच्या दिशेने पडला, तर तुकड्याचा वेग त्यात मिळून प्रयोगशाळेत तो ५ एमईव्हीहून अधिक भरतो. मागच्या दिशेने पडला तर जेमतेम ०.३ एमईव्ही उरतो. (वेगांची बेरीज-वजाबाकी करून हे दोन्ही आकडे स्वतः काढून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.) म्हणजे तुकड्यांमधून आलेले न्यूट्रॉन तुकड्यांच्या दिशेला गर्दी करतात. उलट, न तुटलेले संयुक्त केंद्रक झोताच्या दिशेने सावकाश सरकत असते, त्यामुळे त्याचे न्यूट्रॉन बरेचसे सगळीकडे सारखे पसरतात. सगळ्या कोनांतले ऊर्जा-वर्णपट एकत्र घ्यायचे, तीन चालते स्रोत मानायचे – एक संयुक्त केंद्रक आणि दोन तुकडे – आणि त्यांची बेरीज प्रयोगाशी उत्तम जुळेल अशा संख्या व तापमाने शोधायची. विच्छेदपूर्व न्यूट्रॉनांची संख्या ही या जुळणीतून निघालेली गोष्ट आहे. कोणत्याही डिटेक्टरने ती ‘पाहिलेली’ नसते.

या जुळणीत मध्यममार्गी न्यूट्रॉनांची फार ओढाताण होते. केंद्रक तुटण्याच्या नेमक्या क्षणी, मानेच्या भागातून पडलेला न्यूट्रॉन कोणत्या खात्यात जाणार? तुटल्यानंतर तुकड्यांना पूर्ण वेग यायला काही झेप्टोसेकंद लागतात. त्या काळात पडलेला न्यूट्रॉन तर कायद्याने विच्छेदोत्तर असतो, पण वेग कमी असल्यामुळे तो विच्छेदपूर्व खात्याकडे झुकतो. हे नुसते शंकेखोर बोलणे नाही. कॅलिफोर्नियम-२५२ घ्या. त्याचे विखंडन उत्स्फूर्त असते, आधी तापण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे विच्छेदपूर्व न्यूट्रॉन शून्य असायला हवेत. दर विखंडनामागे सरासरी ३.७६ न्यूट्रॉन पडतात, आणि ही संख्या इतकी नीट माहीत आहे की न्यूट्रॉन-डिटेक्टरांची कार्यक्षमता तपासायला सगळीकडे हाच स्रोत वापरतात. तरीही बोमन आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली या स्रोताचे कोनीय वितरण मोजले, तेव्हा सुमारे दहा टक्के न्यूट्रॉन धावत्या तुकड्यांच्या हिशेबात बसेनात. ते सगळीकडे सारखे पसरल्यासारखे वागत होते. ते खरोखर विच्छेदाच्या क्षणीचे, की विश्लेषणाची सावली, यावर तेव्हापासून वाद आहे. म्हणजे सर्वांत स्वच्छ प्रकरणातही अर्ध्याच्या खालचा, ०.४च्या आसपासचा न्यूट्रॉन ‘कुठला’ हे ठरत नाही. तुम्ही जुळणीचा प्रोग्रॅम लिहिलात, तर तो आधी कॅलिफोर्नियमच्या विदेवर चालवून पाहा आणि विच्छेदपूर्व संख्या किती येते ते कागदावर लिहून ठेवा. ती शून्य आली नाही तर घाबरू नका, पण नंतर विसरूही नका.

०.४ न्यूट्रॉनने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. इथेच घड्याळाचा स्वभाव आडवा येतो.

महादेवाच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र पाहिले असेल. भरलेले असते तेव्हा थेंब भराभर पडतात, पाणी उतरू लागले की दोन थेंबांमधले अंतर वाढत जाते. तापलेले केंद्रक असेच वागते, फक्त कितीतरी जास्त टोकाने. न्यूट्रॉन पडायला लागणाऱ्या वेळेसाठी वापरात असलेले एक ढोबळ सूत्र असे आहे : तापमानाने १३ एमईव्हीला भागा, तो भागाकार ई या संख्येचा घातांक म्हणून घ्या, आणि येणाऱ्या उत्तराच्या निम्म्याला ०.००३३ने गुणा, वेळ झेप्टोसेकंदांत मिळेल. समजा वस्तुमानांक २०० आहे आणि उत्तेजन ऊर्जा ८८ एमईव्ही आहे. पातळ्यांच्या दाटीचा गुणक वस्तुमानांकाच्या नवव्या हिश्श्याइतका, म्हणजे २२ धरला, तर तापमान २ एमईव्ही येते. प्रत्येक न्यूट्रॉन बंधनऊर्जा आणि स्वतःची गतिज ऊर्जा मिळून १० एमईव्हीच्या आसपास घेऊन जातो. आता हिशेब करत चला. पहिला न्यूट्रॉन पडायला साधारण १ झेप्टोसेकंद लागतो. पहिले चार मिळून १० झेप्टोसेकंदांत संपतात. पाचवा येईपर्यंत २० होतात, सहावा येईपर्यंत ५५, सातव्याला २२०, आणि आठव्याची वाट पाहता पाहता ३,००० झेप्टोसेकंद उलटून जातात. सूत्र ढोबळ आहे, आकडे दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होतील. पण आकृती बदलणार नाही. या घड्याळाचे टोले सुरुवातीला घाईघाईने पडतात आणि पुढे जवळजवळ बंद पडतात.

म्हणूनच ०.४ न्यूट्रॉनची चूक सुरुवातीला झाली तर दोनेक झेप्टोसेकंदांची, आणि सातव्या-आठव्या न्यूट्रॉनापाशी झाली तर हजारोंची. त्यात पातळ्यांच्या दाटीचा गुणक आपण ठरवलेला, सुरुवातीचा कोनीय संवेग गणिताने अंदाजलेला, आणि केंद्रक लांबट झाल्यावर न्यूट्रॉनची बंधनऊर्जा व उपलब्ध उष्णता किती बदलते हेही प्रतिमानातून घेतलेले. हिंडे, हिल्शर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधात या अडचणींशी प्रामाणिकपणे झुंज दिली आहे. केवळ न्यूट्रॉनांच्या संख्येवर न थांबता त्यांनी त्यांची सरासरी ऊर्जाही जुळवली, कारण लवकर पडलेला न्यूट्रॉन जास्त तापलेल्या केंद्रकातून येतो आणि तो जोरकस असतो. त्या निबंधात विखंडनाच्या एकूण कालावधीसाठी दिलेला आकडा ३५, अधिक-उणे १५ झेप्टोसेकंद, असा आहे. अधिक-उणे १५! जवळजवळ निम्मी अनिश्चितता लेखकांनी स्वतःच छापली होती. नंतर तो आकडा उद्धृत होत होत हातोहाती फिरतो तेव्हा शेपूट गळून पडते आणि नुसता ३५ उरतो. हा दोष लेखकांचा नाही, आपल्यासारख्या वाचकांचा आणि टिपणे लिहिणाऱ्यांचा आहे. मी स्वतः बरीच वर्षे वर्गात नुसता ३५ सांगत आलो.

पण खरा पेच याहून खोल आहे. तो समोर आला दुसऱ्या एका घड्याळामुळे.

ते घड्याळ स्फटिकाचे. लक्ष्य म्हणून एकसंध स्फटिकाची पातळ चकती घ्यायची. त्यात अणू रांगेने उभे असतात. टक्कर झाली ती रांगेतल्याच एका जागी. केंद्रक तिथल्या तिथे लगेच तुटले, तर रांगेच्या दिशेने निघालेल्या तुकड्याला पुढचे अणू आडवे येतात, आणि त्या दिशेला तुकडे कमी पोहोचतात. मोजणीत एक खळगा दिसतो. केंद्रक तुटण्याआधी रांगेपासून थोडे बाजूला सरकले असेल, तर हा अडथळा नाहीसा होतो आणि खळगा भरून येतो. वेग ठाऊक असल्यामुळे किती सरकले यावरून किती वेळ गेला हे कळते. एक सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद वेगाने जाणारे केंद्रक एका ॲटोसेकंदात, म्हणजे हजार झेप्टोसेकंदांत, १० पिकोमीटर सरकते. स्फटिकातल्या अणूंची उष्णतेने होणारी थरथरही काही पिकोमीटरांची असते. त्यामुळे त्याहून कमी सरकलेले केंद्रक या घड्याळाला ‘जागचे हललेच नाही’ असे वाटते. या पद्धतीत न्यूट्रॉनच्या तापमानाचे, पातळ्यांच्या दाटीचे कसलेच प्रतिमान लागत नाही. ती पद्धत मला म्हणूनच मनापासून आवडते.

फ्रान्समधल्या गॅनिल प्रयोगशाळेत युरेनियमचा झोत, दर न्यूक्लिऑनमागे २४ एमईव्ही ऊर्जेचा, सिलिकॉनच्या स्फटिकावर सोडून हा प्रयोग झाला आणि १९९९ साली प्रसिद्ध झाला. इथे झोतच जड आणि वेगवान, म्हणून तुटणारे केंद्रक वरच्या उदाहरणाच्या जवळजवळ सातपट वेगाने धावते आणि शंभर झेप्टोसेकंदांचा विलंबही जाणवू लागतो. निकाल असा, की २५० एमईव्हीपर्यंत तापलेल्या केंद्रकांतही शंभर झेप्टोसेकंदांहून अधिक वेळ घेणारी विखंडने आढळली. गंमत पाहा. या प्रयोगातही न्यूट्रॉन मोजले होते, लक्ष्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या डिटेक्टरने. पण इथे त्यांची संख्या केंद्रक किती तापले होते हे सांगायला वापरली. तेच न्यूट्रॉन, एका प्रयोगात घड्याळ, दुसऱ्यात तापमापक. पुढे २००७ साली अँडरसन आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या स्फटिकावर गंधक, टायटेनियम आणि निकेल यांचे झोत सोडून ॲटोसेकंदाच्या घरातला विलंब नोंदवला.

म्हणजे एका घड्याळात ३५ झेप्टोसेकंद आणि दुसऱ्यात हजाराच्या घरात. प्रथमदर्शनी कुणीतरी चुकले आहे असेच वाटते. पण निवाडा देण्याआधी एक साधे गणित करू या, कारण माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे.

शंभर केंद्रके घ्या. त्यातली नव्वद १० झेप्टोसेकंदांत तुटली. उरलेली दहा रेंगाळली आणि १०,००० झेप्टोसेकंदांनी तुटली. खरी सरासरी वेळ किती? नऊशे अधिक एक लाख, भागिले शंभर : १,००९ झेप्टोसेकंद. आता न्यूट्रॉनच्या घड्याळाला विचारू. वरच्या हिशेबाप्रमाणे लवकर तुटलेल्या नव्वदांनी प्रत्येकी चार न्यूट्रॉन टाकले, रेंगाळलेल्या दहांनी प्रत्येकी आठ. सरासरी ४.४. आणि ४.४ न्यूट्रॉन म्हणजे किती वेळ? चवथा १० झेप्टोसेकंदांना पडतो, पाचवा २० ला; तेव्हा घड्याळ सुमारे १५ दाखवणार. खरी सरासरी १,००९, घड्याळातली वेळ १५. यात कुणाची मोजणी चुकली नाही, डिटेक्टर बिघडला नाही, जुळणीही निर्दोष आहे. आपण आधी न्यूट्रॉनांची सरासरी काढली आणि मग तिचे वेळेत रूपांतर केले. टोले असमान अंतराने पडणाऱ्या घड्याळात हा क्रम उलटा करता येत नाही.

मग एकेका घटनेत किती न्यूट्रॉन पडले हे मोजून आधी वेळ आणि मग सरासरी का काढत नाहीत? कारण उपकरण तसे करू देत नाही. दिल्लीच्या संचातले शंभर डबे मिळून पूर्ण गोलाचा किती भाग झाकतात ते काढा : पाच इंच व्यासाचे शंभर वर्तुळ, १७५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर. उत्तर येते ३.३ टक्के. त्यात डब्यात शिरलेला प्रत्येक न्यूट्रॉन पकडला जातोच असेही नाही. सहा न्यूट्रॉनांपैकी एखादा सापडला तर नशीब. अशा संचातून लाखो विखंडनांची सरासरीच मिळू शकते. उलट चहूबाजूंनी वेढणारा मोठा टाकीसारखा डिटेक्टर एकेका घटनेतले बहुतेक न्यूट्रॉन मोजतो, पण कोणता कुठल्या दिशेने आणि किती वेगाने आला हे सांगत नाही; म्हणून विच्छेदपूर्व आणि विच्छेदोत्तर वेगळे होत नाहीत. दिशा हवी तर सरासरीवर समाधान माना, संख्या हवी तर दिशा सोडा.

आता स्फटिकाच्या घड्याळाला तेच उदाहरण द्या. नव्वद केंद्रके त्याला शून्य वेळेत तुटल्यासारखी दिसतील. पाच झेप्टोसेकंद, दहा की वीस, हे त्याच्या नजरेच्या पलीकडचे आहे. रेंगाळलेली दहा मात्र ठळक दिसतील. म्हणजे न्यूट्रॉनचे घड्याळ गर्दी पाहते आणि रेंगाळणाऱ्यांना विसरते, स्फटिकाचे घड्याळ रेंगाळणाऱ्यांना पाहते आणि गर्दीला एकाच ठिपक्यात कोंबते. आणि रेंगाळणारे असणारच. प्रत्येक न्यूट्रॉन पडल्यावर केंद्रकापुढे पुन्हा तोच पर्याय उभा राहतो, तुटायचे की आणखी निवायचे. जे सुटत सुटत थंड अवस्थेपर्यंत पोहोचले, त्यांचे विखंडन मंद गतीनेच होणार. लांब शेपटीसाठी कोणतेही नवे भौतिक नियम लागत नाहीत, आणि घर्षण नसते तरीही ती थोडीबहुत असतीच. अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या फार जड केंद्रकांच्या बाबतीत केवळ शेपटीने सगळा विलंब समजावता येतो का, यावर मात्र एकमत नाही, आणि तो वाद मिटला आहे असे मी तुम्हाला सांगणार नाही.

या वादाला शास्त्रीय किंमत आहे. विच्छेदपूर्व न्यूट्रॉनांवरून केंद्रकीय घर्षणाचा गुणांक काढला जातो. घड्याळ सरासरी वेळ सांगते असे मानून काढलेला गुणांक आणि ते वितरणाचा सुरुवातीचा भाग सांगते असे मानून काढलेला गुणांक एकच येईल असे नाही. दुसरीकडे, अतिजड मूलद्रव्यांच्या शोधात शेपटीलाच महत्त्व आहे. गॅनिलच्या गटाने २००८ साली स्फटिकाची पद्धत वापरून १२० आणि १२४ अणुक्रमांकांच्या केंद्रकांत दीर्घ वेळेची विखंडने दिसल्याचे प्रसिद्ध केले. ११४साठी त्यांना ती दिसली नाहीत. केंद्रक तुटण्याआधी रेंगाळते म्हणजे त्याला धरून ठेवणारा काही अडसर आहे, असा त्यामागचा तर्क. तिथे कुणी न्यूट्रॉनांच्या सरासरीवरून वेळ काढली असती, तर हा मूठभर रेंगाळणाऱ्यांचा पुरावा सरासरीत विरघळून गेला असता.

तुकड्यांविषयीही थोडे बोलायला हवे, कारण न्यूट्रॉनांच्या चर्चेत ते नेहमी मागे पडतात. वर ‘शंभर केंद्रके’ म्हणताना मी गृहीत धरले, की ती सगळी एकजीव होऊन मग तुटली. जड झोत आणि जड लक्ष्य असेल तर तसे होत नाही. पुष्कळदा दोन केंद्रके चिकटतात, थोडी फिरतात, काही न्यूक्लिऑनांची देवाणघेवाण करतात आणि एकजीव न होताच सुटी होतात. याला क्वासी-फिशन म्हणतात. बाहेर येणारे तुकडे विखंडनाच्या तुकड्यांसारखेच दिसतात, आणि नुसते न्यूट्रॉन मोजणाऱ्याला फरक कळत नाही. तुकड्यांचे वस्तुमान आणि बाहेर पडण्याचा कोन एकत्र आलेखावर मांडला, की कळतो. एकजीव झालेले केंद्रक अनेक फेरे फिरते आणि कुठल्या बाजूने झोत आला होता हे विसरते. घाईत सुटलेली जोडी विसरत नाही, तिचे जड-हलके तुकडे ठरावीक कोनांकडे झुकतात. म्हणजे फिरणे हेच घड्याळ झाले, आणि त्यावर वेळ येते काही झेप्टोसेकंदांची. जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत युरेनियमच्या झोतांनी केलेले टोके आणि सहकाऱ्यांचे १९८५चे काम या वाटेवरचे मुख्य काम आहे. आमच्या वर्गात सांगायचे तर, तुकड्यांच्या आलेखाविना दिलेला न्यूट्रॉनांचा आकडा अर्धाच आहे. त्यात किती एकजीव झालेली केंद्रके आहेत आणि किती घाईत सुटलेल्या जोड्या आहेत हे ठाऊक नसेल, तर सरासरी नेमकी कशाची काढली?

तुमच्यापैकी काही जण पुढे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी दिल्लीला, कोलकात्याला किंवा मुंबईच्या पेलेट्रॉनवर जातील आणि त्यांच्या हाती अशीच एखादी विदा येईल. विच्छेदपूर्व न्यूट्रॉनांची संख्या लिहाल तेव्हा ती कोणत्या तुकड्यांच्या निवडीतून आली, डिटेक्टरचा उंबरठा किती होता आणि कॅलिफोर्नियमवर तोच प्रोग्रॅम काय म्हणतो, हे तिच्या शेजारीच लिहा. वेळ लिहायचीच असेल, तर सोबत दुसरा एक स्तंभ ठेवा : याच प्रतिमानात विखंडनाच्या वेळांचे पूर्ण वितरण काय येते, त्याचा मध्यांक किती आणि सरासरी किती. आजच्या संगणकावर हे गणित एका रात्रीत होते. वरच्या शंभर केंद्रकांच्या उदाहरणात मध्यांक १० आहे, सरासरी १,००९ आणि न्यूट्रॉनचे घड्याळ १५. या तीन आकड्यांपैकी घड्याळ कोणाच्या जवळ आहे ते पाहा, आणि मग ३५ झेप्टोसेकंद हा कोणत्या प्रकारचा आकडा असावा, याचा अंदाज करा.